एसडीएस१००: कान तिखट, घड्याळ मात्र पारखून घ्या

युनिडेनचा एसडीएस१०० हा हँडहेल्ड स्कॅनर, म्हणजे पोलीस, अग्निशमन दल वगैरेंचे रेडिओ संदेश ऐकायचं हातात मावणारं यंत्र, २०१८ साली बाजारात आला. अमेरिकेत तो आजही अनेकांच्या यादीत पहिला असतो आणि ते रास्त आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक मनोऱ्यांवरून एकदम प्रसारण करणाऱ्या पी२५ (तिथल्या आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओचं मानक) यंत्रणा, म्हणजे सायमलकास्ट, ऐकताना आधीच्या स्कॅनरांमध्ये शब्द तुटायचे. याचा आय-क्यू रिसीव्हर (सिग्नलची ताकद आणि लहरीची स्थिती दोन्ही टिपणारा) ते शब्द जोडून देतो. या कामासाठी हँडहेल्डमध्ये याच्याइतका भरवशाचा दुसरा सुचवणं कठीण आहे. हे परीक्षण मात्र त्याच्या एकाच भागाचं आहे: आतलं घड्याळ. रेकॉर्डिंग चालू केलं की हा स्कॅनर मायक्रोएसडी कार्डावर वेव्ह फाइली टाकतो, फाइलच्या नावात तारीख आणि सेकंदांपर्यंतची वेळ घालतो, आणि पुढे तीच वेळ आपण खरी धरून चालतो. तिथेच लोक फसतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. हा स्कॅनर अमेरिका-कॅनडातल्या यंत्रणांसाठी आहे. भारतात वायरलेस उपकरण बाळगायला परवाना लागतो, आणि हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात असला तरी पोलीस किंवा अग्निशमन दलाचे संदेश ऐकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तेव्हा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत हा मागवू नका. अमेरिकेतही काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत. आपल्या राज्याचा नियम बघून घ्या.

किती चूक, आणि कशामुळे

ज्या यंत्राला ४६० मेगाहर्ट्झवरचा अरुंद डिजिटल चॅनल अचूक पकडता येतो, त्याला साधी वेळ का सांभाळता येऊ नये, असा प्रश्न पहिल्यांदा पडतो. कारण असं की रिसीव्हर आणि घड्याळ सहसा वेगवेगळ्या क्रिस्टलवर, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यांवर, चालतात. रिसीव्हरचा ऑसिलेटर, म्हणजे ठोके देणारं सर्किट, तापमानाची भरपाई करणारा असावाच लागतो. तो अडीच पीपीएमने (दहा लाखांत अडीच भागांनी) सरकला तर ४६० मेगाहर्ट्झवर ती चूक ११५० हर्ट्झ होते, आणि त्यापुढे डिजिटल आवाज उलगडणं अवघड होत जातं. पण असा ऑसिलेटर मिलिअँपिअरमध्ये वीज खातो. स्कॅनर बंद असतानाही तो चालू ठेवला तर बॅटरी उगाच उतरत राहील. म्हणून अशा उपकरणांत वेळेसाठी ३२,७६८ हर्ट्झचा, ट्युनिंग फोर्कच्या आकाराचा छोटा क्रिस्टल देतात. मनगटी घड्याळात असतो तोच प्रकार. एक मायक्रोअँपिअर किंवा त्याहूनही कमी करंटवर तो चालतो, पण तापमानाची भरपाई त्यात नसते.

अशा क्रिस्टलची चूक २५ अंश सेल्सिअसला साधारण २० पीपीएमपर्यंत मान्य धरतात. हिशोब केला तर दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला सुमारे ५२ सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटं. म्हणजे घड्याळात काहीही बिघाड नसताना, फक्त सुटा भाग त्याच्या ठरलेल्या मर्यादेत असताना, वर्षभर हात न लावलेला स्कॅनर दहा मिनिटं चुकू शकतो. हँडहेल्ड स्कॅनर विकताना घड्याळाच्या अचूकतेचा आकडा सहसा सांगत नाहीत, त्यामुळे घेणारा मोबाइलसारखी वेळ मिळेल असं गृहीत धरतो. मोबाइल नेटवर्कवरून स्वतःला सतत सुधारून घेत असतो. स्कॅनरला ती सोय आपणच पुरवावी लागते.

त्यात तापमानाची भर पडते. ट्युनिंग फोर्क क्रिस्टलचा आलेख उलट्या वाटीसारखा असतो. २५ अंशांच्या आसपास तो सर्वांत वेगाने चालतो, आणि त्याहून गरम झालं काय किंवा थंड झालं काय, मागेच पडतो. तापमानातल्या फरकाचा वर्ग करून ०.०३४ ने गुणलं की किती पीपीएम मागे पडेल ते कळतं. खिशात ३३ अंश असेल तर जेमतेम दोन पीपीएम, सोडून द्या. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ५५ अंश झाले की ३१ पीपीएम, म्हणजे दिवसाला २.६ सेकंद. हिवाळ्यात रात्रभर उणे १० अंशांत गाडीत राहिला तर जवळजवळ ४२ पीपीएम, दिवसाला ३.६ सेकंद. मिनेसोटात किंवा मिशिगनमध्ये स्कॅनर गाडीतच ठेवणाऱ्यांचं घड्याळ जानेवारीत मागे का पडतं आणि मे महिन्यात सावरल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर इथे मिळतं.

यातून निदानाचा एक उपयोगी नियम हाती येतो: तापमान घड्याळाला फक्त मागे ओढतं. घड्याळ पुढे पळत असेल तर दोष हवामानाचा नाही. क्रिस्टल मुळातच वेगवान आहे, किंवा त्याच्याजवळच्या कपॅसिटरची क्षमता क्रिस्टलला हवी त्याहून कमी पडते आहे. साडेबारा पिकोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) भारासाठी बनवलेला क्रिस्टल त्याहून बऱ्याच कमी भारावर बसवला तर तो पुढे पळतो. ही चूक दररोज जवळपास तेवढीच राहते, म्हणून त्रासदायक असली तरी हिशोबात धरायला सोपी.

आणि चूक दिवसाला मिनिटांत असेल तर? दिवसाला दोन मिनिटं म्हणजे जवळपास १४०० पीपीएम. इतकी चूक चांगला क्रिस्टल करत नाही. अशा वेळी संशय तीन ठिकाणी घ्यावा: सर्किट बोर्डावर ओलावा किंवा सोल्डरिंगचं फ्लक्स राहून क्रिस्टलच्या पायांमध्ये गळती होते आहे, बॅटरी बदलताना घड्याळ मधेच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, किंवा यंत्र चालू असताना सॉफ्टवेअर स्वतःचे ठोके मोजतं आणि काम वाढलं की काही ठोके सुटतात. पहिल्या प्रकारात वॉरंटी असेल तर यंत्र परत करा. एसडीएस१०० पावसाच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित म्हणून विकला जातो. घरी उघडला तर ती सुरक्षितता पुन्हा तशीच बसेल याची खात्री देता येत नाही. दोन-चार सेकंदांसाठी तो कधीही उघडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

थांबलेलं घड्याळ आणि सरकलेलं घड्याळ

या दोन तक्रारी लोक एकच समजतात आणि मग चुकीचा उपाय करतात. बॅटरी पूर्ण काढली की घड्याळ आतल्या छोट्या साठ्यावर चालतं. असा साठा म्हणजे एखादा सुपरकपॅसिटर किंवा चार्ज होणारा छोटा बटन सेल. समजा साठा ०.१ फॅरडचा आहे, तो ३ व्होल्टपासून दीड व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत घड्याळ चालतं, आणि एकूण करंट १ मायक्रोअँपिअर आहे. तर सुमारे ४२ तास मिळतात. कपॅसिटर जुना होऊन गळती वाढली आणि करंट ५ मायक्रोअँपिअर झाला, तर आठ तासांतच खेळ संपतो. म्हणून बॅटरी काढून महिनाभर कपाटात ठेवलेल्या स्कॅनरकडून वेळेची अपेक्षाच ठेवू नका. तीन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या बीसीडी४३६एचपीसारख्या यंत्रांत सेल वरचेवर बदलले जातात, तिथे हा प्रश्न जास्त जाणवतो. नवे सेल हाताशी ठेवून, मग जुने काढून अर्ध्या मिनिटात बदला.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी तीन टप्प्यांची चाचणी पुरते. घड्याळ बरोबर लावा आणि स्कॅनर खोलीच्या तापमानात सात दिवस नेहमीसारखा चालू ठेवा, चूक लिहा. पुन्हा वेळ लावून सात दिवस बंद ठेवा, बॅटरी आतच असू द्या, चूक लिहा. मग बॅटरी दहा मिनिटं काढून परत घाला आणि लगेच बघा. पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नसेल तर दोष क्रिस्टलचा. चालू असतानाच जास्त चुकत असेल तर आतली उष्णता किंवा सॉफ्टवेअर. आणि दहा मिनिटांतच वेळ गेली असेल तर साठा मेला आहे. तो बदलेपर्यंत दुसरा कुठलाही उपाय टिकणार नाही.

सात दिवस का, एक का नाही? डोळ्याने बघून आणि हाताने दाबून वेळ घेताना अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. एका दिवसात अर्धा सेकंद म्हणजे जवळपास सहा पीपीएम, म्हणजे मोजमापातच एवढी धूळ. सात दिवसांत तीच चूक एका पीपीएमच्या आत येते. पडद्यावर सेकंद दिसत नसतील तर मिनिटाचा आकडा बदलतो तो क्षण पकडा. दिवसाला जितके सेकंद चूक, त्याला ११.५७ ने गुणा, पीपीएम मिळतील.

वेळ कशाशी ताडायची

टाइम डॉट गव्ह ही अमेरिकी सरकारची अधिकृत वेळेची साइट पुरेशी आहे, पण या स्कॅनरमध्ये याहून चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. एसडीएस१०० ची रेंज २५ मेगाहर्ट्झला सुरू होते. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळेचं सरकारी केंद्र २०१४ पासून प्रायोगिक स्वरूपात पुन्हा २५ मेगाहर्ट्झवरही प्रसारण करतं. म्हणजे रेंजच्या अगदी उंबरठ्यावर अणुघड्याळाची वेळ ऐकू येते. फ्रिक्वेन्सी २५.०००० भरा, मोड एएम ठेवा, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा. सोबतच्या रबरी अँटेनावर फारशी आशा ठेवू नका; तीनेक मीटरची वायर उंचावर टाका. दिवसा, आणि सूर्यावरच्या डागांची संख्या चढती असते त्या वर्षांत, हे केंद्र दूरवर पोहोचतं. फोर्ट कॉलिन्सपासून मध्यम अंतरावर असाल तर सिग्नल डोक्यावरून निघून जाईल आणि काहीच मिळणार नाही. त्यात स्कॅनरचा दोष नाही.

सिग्नल मिळाला की रेकॉर्डिंग लावा. दर सेकंदाला टिक ऐकू येईल, २९ आणि ५९ व्या सेकंदाची टिक मुद्दाम गाळलेली असते, आणि मिनिट सुरू होताना ०.८ सेकंदांचा लांब सूर येतो. त्याआधी पुरुषी आवाजात वैश्विक वेळ (यूटीसी) सांगितली जाते. आता फाइल संगणकावर ध्वनी संपादकात उघडा, सुरुवातीपासून लांब सुरापर्यंत किती सेकंद गेले ते मोजा आणि फाइलच्या नावातल्या वेळेत मिळवा. येणारं उत्तर आणि खरं मिनिट यांतला फरक ही चूक. इथे आपल्या बोटांचा उशीर मधे येत नाही, म्हणून आम्ही हीच पद्धत सर्वांत वर ठेवतो. सिग्नलला तीन हजार किलोमीटर यायला दहा मिलिसेकंद लागतात, ते विसरून जा.

१६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवरच्या हवामान केंद्रांवर सांगितली जाणारी वेळ मात्र यासाठी वापरू नका. ती यंत्राच्या आवाजात जुळवलेल्या निवेदनातली वेळ आहे, सेकंदाच्या कामाची नाही.

नावातली वेळ विरुद्ध फाइलची वेळ

कार्ड एफएटी३२ (फाइली मांडण्याची एक जुनी पद्धत) मध्ये असेल तर फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या पायरीने नोंदली जाते आणि कुठल्या टाइमझोनची हे त्यात लिहिलेलंच नसतं. तेव्हा फाइलच्या गुणधर्मात दिसणारी वेळ बाजूला ठेवा, नावातली घ्या. फाइलीचं नाव बदलून जतन करायची सवय असेल तर ती आजच सोडा. मूळ नावापुढे शब्द जोडा.

दुसरी खोच डिजिटल आवाजाची. वेळ म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाल्याची वेळ, बोलणाऱ्याने बटण दाबल्याची नव्हे. ट्रंकिंगमध्ये, म्हणजे मोजके चॅनल सगळ्यांना गरजेप्रमाणे वाटून देणाऱ्या यंत्रणेत, आधी कंट्रोल चॅनलवर वाटप होतं, मग स्कॅनर त्या चॅनलवर जातो, मग आवाजाच्या चौकटी उलगडतात. पी२५ च्या पहिल्या टप्प्यात अशी एक चौकट १८० मिलिसेकंदांची असते. यादी लांब असून स्कॅनर दुसरीकडे फिरत असेल तर सुरुवातीचे शब्दच निसटतात. हा उशीर घड्याळाच्या चुकीत मोजू नका. इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणाशी तुलना करून घड्याळ लावणं तर पूर्ण चूक, तिथे उशीर अनेक सेकंदांचा असतो आणि तो बदलतोही.

सेकंदांना इतकं महत्त्व का, तर विमानांचं उदाहरण घ्या. अमेरिकेत १०,००० फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट्स आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास १२९ मीटर. कंट्रोल टॉवरचं रेकॉर्डिंग विमानाच्या नकाशावरल्या मार्गाशी जुळवताना घड्याळ ३० सेकंद चुकलं तर विमान जवळपास ३.९ किलोमीटर भलतीकडे दिसतं. सूचना वळणाआधी दिली की नंतर, हेच उलटं होऊन बसतं.

मार्च आणि नोव्हेंबर

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यू जर्सीतून घरी फोन करणाऱ्या मराठी माणसाला साडेनऊ तासांचे साडेदहा झालेले लगेच कळतात, स्कॅनरला ते सांगावं लागतं. नोव्हेंबरच्या त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. स्थानिक वेळेवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये १:२० च्या दोन फाइली होतात आणि कुठली आधीची हे नावावरून सांगता येत नाही. आमचा सल्ला सरळ आहे: उन्हाळी वेळेची सेटिंग बंद करा आणि घड्याळ कायम वैश्विक वेळेवर ठेवा. पहिले चार दिवस डोक्यात वजाबाकी करावी लागते. नंतर डब्ल्यूडब्ल्यूव्ही, विमानांच्या नोंदी आणि आपल्या फाइली एकाच वेळेत बोलतात, आणि ते सुख मोठं आहे.

वेळ लावायची कशी

मेनूतून तारीख-वेळ भरता येते, पण सेकंद नीट साधायचे तर सिरियल जोडणी वापरा. यूएसबी केबल लावली की स्कॅनर मास स्टोरेज हवं की सिरियल असं विचारतो, सिरियल निवडा. संगणकावर ११५२०० बॉड वेगाने पोर्ट उघडा आणि डीटीएम हा आदेश पाठवा. त्यात उन्हाळी वेळेचा आकडा, मग वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळं स्वल्पविरामाने तोडून, शेवटी कॅरेज रिटर्न. नुसता डीटीएम पाठवला तर स्कॅनर स्वतःची वेळ आणि घड्याळ ठीक आहे की नाही हे परत कळवतो. म्हणजे दर रविवारी संगणकाने वेळ विचारावी, फरक नोंदवावा आणि मगच नवी वेळ लावावी, असं दहा-पंधरा ओळींच्या पायथन स्क्रिप्टने होतं. नोंद न करता नुसती वेळ लावली तर आठवडाभराच्या फाइली सुधारण्याचा मार्ग बंद होतो.

सुधारणेचं गणित सोपं. रविवारी बरोबर लावलेलं घड्याळ पुढच्या रविवारी १४ सेकंद मागे आढळलं, तर दिवसाला दोन सेकंद. बुधवारच्या त्याच वेळेच्या रेकॉर्डिंगला सहा सेकंद मिळवा. स्कॅनर घरात एकसारख्या तापमानात राहिला असेल तर हे उत्तर एखाद्या सेकंदाच्या आत बसायला हवं.

जीपीएस जोडता येतं, पण त्याचं काम स्कॅनरला स्थान पुरवणं. त्यावरून घड्याळ आपोआप लागत असेल असं मनाने धरू नका, वरच्या आदेशाने तपासा.

सेकंद हवेच असतील तर

मग रेकॉर्डिंग स्कॅनरच्या बाहेर करा. हेडफोनच्या जॅकमधून यूएसबी साउंड कार्डात आवाज घ्या आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर साठवा. पायला स्वतःचं ध्वनी-इनपुट नाही, त्यामुळे साउंड कार्ड लागतंच. दोघांना एकाच चार्जरवर ठेवलं आणि गुणगुण आली तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर घाला.

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, सेल वेगळा घ्यावा लागतो. जुन्या बोर्डासाठी डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल घ्या. त्याच्या क्रिस्टलला तापमानाची भरपाई आहे: ० ते ४० अंशांत दोन पीपीएम, म्हणजे महिन्याला पाच सेकंद. नावाच्या शेवटी एम असलेली चिप पाच पीपीएमची, महिन्याला १३ सेकंद. डीएस१३०७ स्वस्त दिसतो, पण तोच साधा क्रिस्टल, मग खटाटोप कशाला.

डीएस३२३१ चं झेडएस-०४२ छापलेलं निळं मॉड्यूल सर्वत्र मिळतं आणि त्यात एक धोका आहे. सेलकडे जाणारी चार्जिंगची वाट एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर एवढीच आहे. पाच व्होल्ट दिले आणि खोबणीत सीआर२०३२ हा साधा बटन सेल असेल, तर चार्ज न होणाऱ्या सेलला चार्ज करण्याचा प्रयत्न होतो; सेल फुगतो, गळतो. तो रेझिस्टर काढून टाका. पायला जोडताना तर पाच व्होल्ट देऊच नका, कारण मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर पायच्या डेटा पिनांवर पाच व्होल्ट आणतात. वीज पिन १ वरून ३.३ व्होल्ट, डेटा पिन ३, क्लॉक पिन ५, ग्राउंड पिन ६. बसवल्यावर आय-टू-सी (चिपा जोडण्याची दोन तारांची पद्धत) च्या यादीत ६८ हा हेक्स पत्ता दिसला की घड्याळ सापडलं. ५७ दिसतो तो शेजारचा मेमरी चिप. घरी नेटवर्कवरून वेळ लावून घ्या, बाहेर डोंगरात नेटवर्क नसताना मॉड्यूल ती धरून ठेवेल. भारतातले हॅम आपल्या लॉगसाठी हेच मॉड्यूल वापरतात, त्यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग या सर्व्हरवरून वेळ घ्यावी.

आता खरेदीबद्दल. सायमलकास्ट ऐकायचं असेल तर घड्याळासाठी एसडीएस१०० नाकारू नका. हँडहेल्डमध्ये याहून चांगलं घड्याळ मिळेल म्हणून दुसरं यंत्र घेण्यातही अर्थ नाही, कारण साधा क्रिस्टल सगळीकडे सारखाच वागतो. वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्यासमोर बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा, परत घाला आणि वेळ बघा. वेळ गेली असेल तर घासाघीस करा.